जरा सरका की

२०१४ च्या जूनमध्ये माझी बँकेतली बदली साताऱ्याला झाली. तेव्हा शनिवारी अर्धा दिवस बँक असायची, त्यामुळे दर आठवड्याला सांगलीला घरी जाणं जमायचं नाही, एक आड एक रविवार साताऱ्यातच काढायचा असं ठरवलं होतं. पहिल्याच रविवारी तिथल्या एका चर्चमध्ये उपासनेला गेले. पाऊस झिमझिम सुरू होता, छत्री मिटून भिंतीला टेकवली, चपला काढायच्या की घालूनच आत जायचं कळेना म्हणून दाराशी बघितलं तर चारपाच जोड होते, म्हणजे काहीजण काढतात काहीजण नाही, मग मी काढल्या. आत बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर कडेला बसले, डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना केली आणि डोळे उघडते तर शेजारी एक बाई दोन मुलींना घेऊन उभ्या.

"ही आमची जागा आहे हो."

आवाजात राग अजिबात नव्हता. अगदी नीट, हळू बोलल्या. मी "सॉरी हं" म्हणून उठले आणि मागे गेले, मागच्या बाकावर एक बॅग ठेवलेली होती, त्याच्या मागच्यावर तिघीजणी होत्या आणि कोणी सरकेना, म्हणून अगदी शेवटच्या बाकावर खांबाच्या मागे जाऊन बसले. तिथनं पाळकसाहेब दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता. गीतपुस्तक बाकावर नव्हतं. गाणं माहितीचं होतं पण तिसऱ्या कडव्याला अडले आणि नुसते ओठ हलवत उभी राहिले. चाळीस वर्षांची बाई, जन्मापासून चर्चमध्ये जाणारी, आणि त्या खांबामागे माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाणी त्या बाईंमुळे आलं नव्हतं खरं तर. मला एकदम आजीचा बाक आठवला होता.

माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. म्हणजे डॉ. वानलेसांनी १८९४ साली सुरू केलेलं हॉस्पिटल, आता त्यांच्याच नावानं ओळखतात, पण आमच्या घरात ते कायम मिशन हॉस्पिटलच. आजीचा चर्चमधला बाक ठरलेला, डावीकडून चौथा, खिडकीच्या बाजूला, आणि आम्ही सगळी नातवंडं त्या बाकावर ओळीनं. मी नऊदहा वर्षांची असेन, एका रविवारी आम्ही जरा उशिरा पोचलो तर तिथं एक अनोळखी बाई बसलेली. नऊवारी, डोक्यावरनं पदर, मांडीवर पिशवी. मी पुढं पळत गेले आणि तिला सांगितलं, ही आमच्या आजीची जागा आहे. ती बिचारी लगेच उठली आणि दाराकडं निघाली.

आजी मागनं येत होती, तिनं दाराशीच तिचा हात धरला. आणला परत. स्वतः खिडकीकडं सरकली, तिला शेजारी बसवलं आणि मला म्हणाली, "अगं सरक की जरा, मावतंय सगळ्यांना." मग त्या बाईला कानडीत विचारलं, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. कारण आजीनं पिशवीवरनं आणि एकूण रागरंगावरनं ओळखलं होतं की ही अथणीकडची वगैरे असणार, पेशंटबरोबर आलेली. मिरजेला कर्नाटकातनं, कोकणातनं, कुठनं कुठनं लोक दवाखान्याला येतात, आज पण येतात, आणि ज्यांचं माणूस वॉर्डात पडलेलं असतं ते कुठं टेकायला मिळेल तिथं टेकतात, कोणी देवळात, कोणी मीरासाहेबांच्या दर्ग्यात, कोणी चर्चच्या बाकावर. आजीनं आयुष्यभर वॉर्डात असे नातेवाईक बघितलेले. त्या बाईचा नवरा दोन दिवस बेशुद्ध होता असं नंतर कळलं. उपासनेतलं अक्षर तिला समजत नव्हतं. ती फक्त बसायला आली होती, आणि तेवढं एकच तिच्याकडनं मी काढून घेतलं होतं.

तीस वर्षांनी साताऱ्यात मला कोणी उठवलं तेव्हा ते कसं वाटतं ते कळलं.

त्या दिवशी उपासनेच्या शेवटी सूचना झाल्या, मग "आज नवीन कोण आलंय त्यांनी उभं राहावं" असं झालं. खांबामागे कोणाला दिसणार नव्हतं तरी उभी राहिले, सगळ्यांनी मागे वळून बघितलं, टाळ्या वाजवल्या, नाव गाव विचारलं, मग बसा म्हणाले. आशीर्वाद झाल्यावर बाहेर आले. व्हरांड्यात सगळे आपापल्या घोळक्यात बोलत उभे होते, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, कोणाचं ऑपरेशन झालेलं. मी छत्री शोधायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. ज्या सत्तरऐंशी लोकांनी पाच मिनिटांपूर्वी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्यातलं कोणी दोन पावलं चालत माझ्यापर्यंत आलं नाही.

शेवटी एक गृहस्थ तेवढे आले. सलाम केला, कुठल्या मंडळीच्या म्हणजे कुठल्या चर्चच्या, कुठल्या बँकेत, सगळं विचारलं आणि मग म्हणाले, आडनाव काय म्हणालात? मी सांगितलं. "हां, पण मूळचे कुठले? म्हणजे पूर्वीचे कोण?"

हा प्रश्न आपल्या लोकांना नीट माहितीये. बाहेरच्यांना कदाचित कळणार नाही, पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्यातलं काय विचारलंय ते बरोबर कळतं, ख्रिस्ती व्हायच्या आधी तुमची जात कुठली. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी "पूर्वीचे कोण" हे विचारलं जातं, लग्न ठरवताना तर विचारलं जातंच, आणि चर्चच्या व्हरांड्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाला पण. उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यात एक बारीकसा बदल होतो, कधी जवळ येण्याचा कधी लांब जाण्याचा, आणि मला दोन्हीचा सारखाच त्रास होतो. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सरळ सरळ लिहिलंय, सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला तर त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता तू तिथं उभा राहा नाहीतर माझ्या पायाशी बस. तिथं अंगठी आहे, आपल्याकडं आडनाव आहे. स्वागत कसं करावं यावर कितीही चर्चा करा, कमिट्या नेमा, पण हा एक प्रश्न जोपर्यंत व्हरांड्यात उभा आहे तोपर्यंत बाकी सगळं फुकट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या रविवारी मी सांगलीला होते. त्याच्या पुढच्या रविवारी साताऱ्यात सकाळी उठून साडी नेसून बसले आणि जावं की न जावं यात अर्धा तास गेला. शेवटी गेले. खांबामागेच बसले, निदान तिथनं कोणी उठवणार नाही म्हणून. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्यासमोर एक उघडं गीतपुस्तक आलं. एक म्हाताऱ्या बाई, मागच्या वेळी मला दिसल्याही नव्हत्या, त्या शेजारी येऊन बसल्या होत्या. पुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये धरलं होतं आणि त्यांचं बोट त्या ओळीवर होतं जी सगळे गात होते. हाताला थोडा कंप, नखं हळदीनं पिवळी, आणि ते बोट एकेका शब्दाबरोबर पुढं सरकत होतं. कडवं संपलं की बोट पुढच्या कडव्याच्या सुरुवातीला जाऊन थांबायचं, पेटी वाजत असेपर्यंत तिथंच, माझी वाट बघत असल्यासारखं.

गाणं संपल्यावर कानाशी येऊन म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही आला होता न्हाई का सांगलीच्या, मला उठून यायला उशीर झाला, गुडघे धरतात. जेवायचं काय करता इथं?"

मी म्हटलं डबा लावलाय.

"रविवारी डबा नसतो कुणाचा," त्या म्हणाल्या. आणि खरंच नसतो, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, मी वडापाव नाहीतर बिस्किटांवर काढायची. त्यांना ते ठाऊक होतं कारण त्यांचा मुलगा पुण्याला एकटा राहून शिकला होता. त्या दिवशी त्यांच्या घरी दोन भाकऱ्या, मेथीची भाजी आणि मटणाचा रस्सा खाल्ला, आणि पुढची तीन वर्षं साताऱ्यातल्या रविवारी माझं ताट त्या घरात होतं. त्यांनी मला माझं आडनाव कधी विचारलं नाही. वर्षभरानं त्यांना कळलं, तेही बँकेच्या पासबुकावरचा शिक्का वाचताना.

मी पुष्कळ विचार केलाय की त्या बाईंनी असं काय केलं जे टाळ्या वाजवणाऱ्या सत्तर लोकांना जमलं नाही. त्या उठून आल्या. गुडघे दुखत असताना आपला नेहमीचा पुढचा बाक सोडून खांबामागे आल्या, जिथनं त्यांना पण पाळकसाहेब दिसत नव्हते. आजीनं पण तेच केलं होतं, खिडकीकडं सरकली होती. नवीन माणसाला जागा करून द्यायची म्हणजे आपण आपल्या जागेवरनं थोडं तरी हलायला लागतं, टाळ्या काय, बसल्याजागी वाजवता येतात.

साताऱ्यात राहताना मला अजून एक गोष्ट कळली जी लहानपणापासून वरवर माहिती होती पण कधी मनावर घेतली नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटची वर्षं साताऱ्यात होते. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ते इथं आले आणि "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते तसे न घेतलेलेही होते, ख्रिस्ताच्या मागे जायचंय एवढं पुरे होतं. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो दरबार काही फार टिकला नाही. पण शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात एका माणसाला वाटलं होतं की दार एवढं मोठं करावं, की आत यायच्या आधी तू कोण हे सिद्ध करायला लागू नये, हे मला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी संध्याकाळी फिरताना सारखं आठवायचं.

आणि टिळक स्वतः कसे आले बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जात होते, डब्यात एक युरोपियन माणूस होता. त्या काळात गोरा माणूस नेटिव्हाशी कसा वागायचा ते सगळ्यांना माहितीये, पण हा अदबीनं वागला, आणि बोलणं कशावर तर संस्कृत काव्यावर! टिळक कवी, त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मग शेवटी त्यानं बायबलच्या नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचा म्हणाला. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथं अडकले ते अडकलेच, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. मला यात सगळ्यात काय आवडतं तर तो गोरा माणूस आधी काव्यावर बोलला. समोरच्याला काय आवडतं ते आधी ऐकून घेतलं. आपण मात्र नवीन माणूस दिसला की दोन टोकं गाठतो, एक तर बोलतच नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागतो, नंबर घेतो, दुपारपर्यंत त्याला तीन व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकलेलं असतं.

२०१७ ला परत सांगलीला आले आणि माझ्या मंडळीत गेले तर सगळं होतं तसंच, बाक तोच, लोक तेच, सगळ्यांनी मिठी मारली. पण मला आता तिथं चैन पडेना. मी शेवटच्या बाकावर बसायला लागले आणि तिथनं जे दिसायला लागलं ते पुढच्या बाकावरनं चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं. मागचा बाक दर रविवारी भरतो आणि रिकामा होतो! कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आलेला विदर्भातला पोरगा, दोन रविवार आला आणि मग दिसला नाही. जत भागातलं एक जोडपं, बाळ रडायला लागलं की दोघं एकमेकांकडं बघायचे आणि बाई बाहेर जायची ती शेवटपर्यंत बाहेरच, पावसात सुद्धा. माझ्या कॉलनीतल्या एक वहिनी, हिंदू, घरात खूप मोठं दुःख झालेलं, त्या एकदा आल्या, शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसल्या आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, सुरू झाल्यावर सगळे उठून पुढं जायला लागले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात विसरणार नाही. जायचं? बसायचं? गेलं तर चुकेल का, बसलं तर अपमान होईल का? त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी सरकून शेजारी गेले आणि हळूच म्हटलं, वहिनी, हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, तुम्ही निवांत बसा, मी पण बसते तुमच्याबरोबर. त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतलं नाही. काहीजणांना ते आवडलं नाही, मंडळीच्या वडीलजनांपैकी, म्हणजे एल्डरांपैकी, एकांनी नंतर विचारलं सुद्धा, पण मला तेच बरोबर वाटलं आणि अजून वाटतं.

तसं बघायला गेलं तर हे एकदोन वाक्यांचं काम आहे. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या आधी दोन वाक्यं बोलली, की ज्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही त्यांनी बसून राहिलं तरी चालेल, तुम्ही आलात याचा आनंद आहे, की मागच्या बाकावरच्या कितीतरी लोकांचा श्वास मोकळा होईल. गीताचा नंबर दोनदा सांगायचा. आता उभे राहू या, आता बसू या, एवढं म्हणायचं. आपल्याला वाटतं हे सगळ्यांना माहितीच असतं, पण ख्रिस्ती माणसाला सुद्धा माहिती नसतं! सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० मध्ये नागपूरला झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या, त्यामुळे नगरकडच्या माणसाची सवय वेगळी, आमच्या मिरजेकडची प्रेस्बिटेरियन वळणाची वेगळी, पाचगणी महाबळेश्वरला इंग्रजांच्या चर्चमधली वेगळी. नगरहून आलेली सून आमच्याकडं पहिल्या रविवारी चुकीच्या जागी उभी राहते आणि लाजून कोळसा होते. मग ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा चर्चचं दार ओलांडलंय त्याची काय कथा.

अर्पणाची थैली फिरते तेव्हाचं पण तसंच. नवीन माणूस खिशात हात घालून सुट्टे शोधत बसतो. "पाहुण्यांनी टाकलंच पाहिजे असं नाही" म्हणायला काय लागतं?

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, सगळं पाण्यात. आम्ही उंचावर होतो, आमच्या मंडळीनं हॉल उघडला. आणि तिथं मी माझ्या मंडळीतलीच माणसं अशी बघितली की मला ती नव्यानं कळली. जे काका रविवारी कोणाशी एक शब्द बोलत नाहीत ते मध्यरात्री कंबरभर पाण्यातनं एका म्हातारीला पाठीवर घेऊन आले. ज्या मावशी आपल्या बाकावर कोणाला बसू देत नाहीत त्यांनी घरातल्या गाद्या, चादरी, लग्नात मिळालेली ठेवणीतली ब्लँकेटं सगळं आणून टाकलं. कोणी कुणाला जात विचारली नाही, मंडळी विचारली नाही, नाव सुद्धा बऱ्याच वेळानं. पहिला प्रश्न एकच, जेवलात का? दुसरा प्रश्न, ओलं बदलायला काय आहे का? हॉलच्या कोपऱ्यात कुणीतरी गणपतीचा फोटो घरातनं वाचवून आणला होता, तो खुर्चीवर नीट टेकवून ठेवायला मावशींनीच जागा करून दिली. आठ दिवस होते लोक. जाताना बायका गळ्यात पडून रडल्या.

म्हणजे आपल्याला येतं की! पाहुणचार आपल्या रक्तात आहे, दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय पाठवत नाही आपण. मग रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा काय होतं? मला वाटतं, पुरात समोरच्याची गरज दिसते, तो ओला असतो, कुडकुडत असतो, त्याच्या हातात पिशवी असते. रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि आपल्याला वाटतं याचं सगळं ठीक आहे. शिवाय आपला समाज लहान, दोनचारशे माणसं, सगळे एकमेकांचे सोयरे, आठवडाभर कुठं कुठं विखुरलेले, रविवारीच भेटतात, त्यामुळे व्हरांड्यातली ती पंधरा मिनिटं आपल्याला आपल्या माणसांसाठी हवी असतात. हे मी समजू शकते. आणि एक भीती पण आहे, ती बोलून दाखवत नाही कोणी पण आहे. अनोळखी माणूस आला की हल्ली मनात पहिल्यांदा येतं, हा कोण? कशाला आलाय? मोबाइल काढून व्हिडिओ तर करणार नाही ना? उद्या धर्मांतराचं काही बालंट तर येणार नाही ना? ही भीती खोटी नाही, वातावरणच तसं आहे. पण येणारा पण घाबरूनच आलेला असतो हो. कॉलनीतल्या त्या वहिनींनी मला नंतर सांगितलं, मी चर्चमध्ये जातेय हे शेजारच्यांनी बघू नये म्हणून मी रिक्षा दोन चौक आधीच सोडली. दोघंही एकमेकांना घाबरलेले, दारात समोरासमोर उभे. पहिलं पाऊल घरातल्यानंच टाकायचं असतं, कारण घर त्याचं आहे.

आणि ज्याला यायचंय त्यानं यावं, बसावं, उठून जावं, परत यावं नाहीतर न यावं. वहिनी त्यानंतर चारपाच वेळा आल्या. मी त्यांना कधी काही विचारलं नाही, त्यांच्या देव्हाऱ्याबद्दल तर नाहीच. एका रविवारी टिळकांचा अभंग गायला तेव्हा म्हणाल्या, अहो हे तर आमच्या हरिपाठासारखं लागतं कानाला. आजोळ त्यांचं लोणंदजवळ, माऊलींची पालखी तिथं मुक्कामाला असते. त्यांनी सांगितलं, वारीत नवीन माणूस दिंडीत शिरला तर त्याला कोणी नाव विचारत नाही, सगळे सगळ्यांना माऊलीच म्हणतात, आणि तो पाया पडायच्या आत समोरचा त्याच्या पाया पडतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं आणि जरा दुखलं पण. ज्या गुरूनं शिष्यांचे पाय धुतले त्याच्या घरात आपण "पूर्वीचे कोण" विचारतो.

मी आमच्या भगिनी मंडळात हे सगळं बोलले. लांबण लागली, काहीजणी कंटाळल्या, पण दोघीतिघींना पटलं. मी म्हटलं, उभं करून टाळ्या वाजवणं आधी बंद करू या, कारण जो लाजरा आहे तो त्या भीतीनंच येत नाही. त्यापेक्षा आपल्यातल्या दोघींनी पाळीपाळीनं मागच्या बाकावर बसायचं, जास्तीची दोन गीतपुस्तकं जवळ ठेवायची, बाळ रडलं तर आईला सांगायचं की अहो रडू दे, इथंच बसा. आणि मुख्य म्हणजे दुसरा रविवार. पहिल्या रविवारी सगळेच हसतात. दुसऱ्या रविवारी त्याचं नाव लक्षात असलं, मागच्या वेळी सांगितलेलं आईचं ऑपरेशन लक्षात असलं, तर तो माणूस बसतो. मी तर मोबाइलमध्ये लिहून ठेवते, नाव, गाव, काय बोलणं झालं. काहीजणी म्हणाल्या हे कसं बँकेसारखं वाटतं. वाटू दे. विसरण्यापेक्षा बरं.

पाळकसाहेबांनी टाळ्यांचं लगेच मान्य केलं. जागांचं मात्र अजून जमलेलं नाही, बाक ज्याचे त्याचेच आहेत. आपण एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरणारी माणसं, सवय मोडायला वेळ लागणार.

गेल्या वर्षी जुलैपासून आमच्याकडं तीन मुली यायला लागल्या. नर्सिंगला आल्यात मिरजेला, दोघी नागालँडच्या एक मिझोरामची. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. पहिल्या रविवारी शेवटच्या बाकावर माझ्याशेजारीच बसल्या. मला आजीची आठवण आली, तिच्यासारख्याच पांढऱ्या कपड्यात वॉर्डात उभ्या राहणार या पोरी. गाणं सुरू झालं, मी पुस्तक मध्ये धरलं, बोट ओळीवर ठेवलं, आणि मग लक्षात आलं की यांना ही लिपीच वाचता येत नाही, माझ्या बोटाचा काय उपयोग. पण चाल! चाल त्यांना पाठ होती, जुनी इंग्रजी चाल, त्यांच्याकडं पण तीच. मधली मुलगी शब्दांशिवायच नुसती गुणगुणायला लागली, आणि आपण गातो तसं एका सुरात नाही, खालचा वेगळा सूर धरून. तिच्याबरोबर दुसरीनं वेगळाच. आमच्या चर्चमध्ये सगळे एकाच सुरात गातात, कितीतरी वर्षं, आणि मागच्या बाकावरनं तो दुसरा सूर पुढं जायला लागला तसे एकेकजण गाता गाता मागे वळायला लागले. पेटीवाले काका ऐंशीच्या घरातले, रविवारी कोणाशी न बोलणारे जे मघाशी सांगितले तेच हे, त्यांनी भाता चालू ठेवून एक हात वर केला आणि बोटांनी खुणावलं, या, पुढं या.

मुली घाबरल्या. मी म्हटलं, जाओ जाओ, बुला रहे हैं. त्या गेल्या आणि पेटीच्या बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, चारही कडवी शब्दांशिवाय गायल्या. नंतर व्हरांड्यात काका त्यांच्याशी मराठीतच बोलत होते, त्या इंग्रजीत, दोघांचं काय चाललं होतं देव जाणे, पण बराच वेळ चाललं होतं. मी त्या आठवड्यात पाच गाणी इंग्रजी अक्षरांत लिहून काढली आणि बँकेतल्या मशीनवर झेरॉक्स केली.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले, खुर्च्या लावायच्या होत्या. काका आधीच येऊन पेटी पुसत बसले होते. पेटीच्या शेजारी भिंतीकडेला तीन खुर्च्या मांडलेल्या, एकीवर त्यांच्या चष्म्याची डबी, एकीवर रुमाल, एकीवर छत्री. तेवढ्यात आमच्यातल्याच एकजण आल्या आणि छत्री उचलून बसायला लागल्या, तर काका म्हणाले, "अहो थांबा, तिथं माणसं आहेत."